लाल फितीचे कंद

विश्रांतवाडी, ८ जुलै

श्रीधरपंत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच ठेवून द्यावं असा विचार मनात आला असेल, तर तो बाजूला ठेवा. माझा फोन तुम्ही उचलत नाही, मोबाइलवर मला बंदच करून ठेवलंय. पण सिटी सर्व्हेच्या ऑफिसात जन्म काढलेला माणूस आलेला कागद वाचल्याशिवाय टाकणार नाही, एवढा विश्वास माझा तुमच्यावर अजून आहे. म्हणून पोस्टाची वाट धरली.

विषय कर्टोलीचा आहे. दुसरा कुठलाही नाही.

तुमच्या मंदावहिनी आणि आमची सुगराबी दर गुरुवारी फोनवर बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि माहीत नसल्याचं तुम्ही दाखवता. मीही दाखवतो. त्या बोलण्यातून कळलं की वाघोलीला आठव्या मजल्यावरच्या तुमच्या गच्चीत ड्रममधल्या वेली कठड्यावर चढल्या, भरभरून फुलल्या आणि एकही कर्टोलं न धरता फुलं पिवळी पडून गळली. गेल्या वर्षीही तेच झालं. तुम्ही माती बदललीत, शेणखत घातलंत, पोटॅश घातलंत. ऊन जास्त होतंय म्हणून हिरवी जाळी बांधलीत आणि ऊन कमी पडतंय म्हणून सोडलीत. सध्या दोष टँकरच्या पाण्यावर आहे असं ऐकतो. आणि शेवटी हुकूम काढलात की इमारतीला रंग लागायचाय, गच्च्या मोकळ्या करायच्या आहेत, तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत एक जरी कर्टोलं धरलं नाही तर कंदासकट सगळं कचऱ्याच्या गाडीत जाईल.

हे ऐकल्यापासून सुगराबी माझ्याशी नीट बोलत नाही, जणू हुकूम मीच काढलाय. ते कंद तिच्या माहेरचे, भोरकडच्या डोंगरातले. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिने ते ओल्या फडक्यात बांधून आणले होते. त्या डोंगरावर आता खडीची खाण आहे आणि डोंगर अर्धाच उरलाय. बाजारात मिळतात ती शेतातली, लांबट. आपली बारकी, गोल आणि किंचित कडवट. तसली आता दोनच ठिकाणी आहेत, तुमच्या ड्रममध्ये आणि माझ्या मागच्या भिंतीवर. म्हणून लिहितोय. नाहीतर तुम्हाला पत्र लिहायची मला हौस नव्हती.

आता नीट वाचा.

परवा संध्याकाळी दिवेलागणीला माझ्या वेली फुलत होत्या आणि मी खुर्ची टाकून बसलो होतो. तुम्ही मागे ठेवून गेलात त्याच या वेली, ज्यांना कधी काही लागलं नाही. एक फूल तोडून सहज उलटं केलं. पाकळ्यांच्या खाली थेट देठ. मध्ये काही नाही. तीस वर्षं नववीच्या वर्गात मी फळ्यावर भोपळ्याचं नर फूल आणि मादी फूल काढून दाखवलं. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो, नराच्या खाली नुसता देठ, हे पोरांकडून घोकून घेतलं. पण भोपळ्याची दोन्ही फुलं एकाच वेलीवर येतात. कर्टोलीच्या नराची वेल वेगळी आणि मादीची वेगळी, हे आमच्या पुस्तकात नव्हतं, आणि घरच्या भिंतीवर होतं ते मी वाचलं नाही.

तुमच्या फुलांच्या खाली हरभऱ्याएवढा काटेरी मणी आहे की नाही, आत्ता उठून बघा. असणार. त्याला पराग मिळाले की तो फुगतो आणि त्याचं कर्टोलं होतं. नाही मिळाले की पिवळा पडून गळतो. मग तुम्ही पोटॅश घाला, नाहीतर केशर घाला.

वाटणी आठवते? आपली दोन बैठी घरं, मागची भिंत सामाईक, आणि वेली तिच्यावरून मनाला येईल तशा इकडेतिकडे. घर बिल्डरला द्यायचं ठरलं त्या पावसाळ्यात तुम्ही एकेक वेल पाहत फिरलात आणि जी फळली तिच्या बुडाशी ऑफिसातली लाल फीत बांधलीत. मला वाटलं, चांगल्या वेलींची दृष्ट काढताय. थंडीत वेली सुकल्या तेव्हा लाल फितीचे सगळे कंद उकरून तुम्ही पोत्यात भरलेत आणि मला म्हणालात, "ही बिनकामाची तुम्हाला राहू द्या, मास्तर. पानं छान दिसतात." जन्मभर लोकांच्या हद्दी कायम केल्यात, पण इतकी चोख वाटणी तुमच्या हातून दुसरी झाली नसेल. सगळे नवरे विश्रांतवाडीला आणि सगळ्या बायका वाघोलीला.

तेव्हा सोमवारी सकाळी मी माझ्याकडची फुलं घेऊन येतो. काम सोपं आहे. नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा सकाळी लवकर केलं तरच उपयोग.

घराबद्दल आणि फ्लॅटबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही हे आपल्या लक्षात यावं.

मकबूल तांबोळी

&nbsp;

विश्रांतवाडी, १५ जुलै

श्रीधरपंत,

काल पहाटे उठून फुलं तोडली. सुगराबीने डब्यात ओलं फडकं घालून दिलं. येरवड्याला बस बदलली, नगर रोडवर उभ्याने आलो आणि तुमच्या गेटपाशी पोचलो. शंभू म्हणून तुमचा वॉचमन आहे, सभ्य पोरगा आहे. त्याने फ्लॅटचा नंबर विचारला, मोबाइलवर माझा फोटो काढला, तुम्हाला पाठवला आणि आम्ही दोघं तुमच्या उत्तराची वाट पाहत उभे राहिलो. तुमचं उत्तर आलं. त्याला बिचाऱ्याला ते माझ्यापुढे वाचायचा संकोच वाटला. म्हणाला, चुकून "नाही" दाबलं गेलं असेल, पुन्हा पाठवतो. पुन्हाही तुमचं चुकून दाबलं गेलं.

मग मी डबा त्याच्याकडे दिला, वर चिठ्ठी लावली, "ताबडतोब लावावीत", आणि समोरच्या बाकावर जरा टेकलो. या वयात उभ्याने आलं की गुडघे बोलतात.

रात्रीच्या आत मंदावहिनींचा फोन आला, गुरुवार नसताना. काल संकष्टी होती. डबा उघडून त्यांनी फुलं पाहिली, हरखल्या आणि सगळीच्या सगळी गणपतीला वाहिली. सुगराबीला म्हणाल्या, "मकबूलभाऊंनी चतुर्थीची आठवण ठेवून फुलं धाडली, इतकं बरं वाटलं." मी आठवण ठेवली नव्हती, हे कृपा करून त्यांना सांगू नका.

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. तुमचा देव्हारा मला माहीत आहे. दिवाळीला त्याच्याशेजारी बसून मी चकल्या खाल्ल्यात. माझ्या भिंतीवरची फुलं तिथे गेली याचं मला काहीच वाईट नाही. फक्त गणपतीला परागांची गरज नव्हती.

चिठ्ठी वहिनींनी तुमच्या हातात दिली असं कळतं. ती तुम्ही वाचलीत आणि फाइलला लावलीत. "ताबडतोब" या शब्दाचा सरकारी अर्थ मी विसरलो होतो, ती चूक माझी.

गुरुवारी पुन्हा डबा पाठवतो. या वेळी झाकणावर मोठ्या अक्षरात लिहीन की देवासाठी नाही. तुमचं गेट मला आत घेत नसेल तर न घेवो, डब्याला घेतंय ना. नारळी पौर्णिमेपर्यंत मी थांबणार नाही.

आणखी एक. बाकावर बसलो होतो तेव्हा समोर तुमच्या इमारतीचा मोठा फलक होता. "मोजक्याच सदनिका शिल्लक." दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला सांगितलं होतंत की सगळ्या संपल्या. काही नाही, वाचला म्हणून लिहिलं.

मकबूल तांबोळी

&nbsp;

विश्रांतवाडी, २६ जुलै

श्रीधरपंत,

दोनदा डबा पाठवला, दोन्ही वेळा तो वर पोचला. मंदावहिनींनी सांगितलं की तुम्ही छत्री घेऊन गच्चीत जाता आणि बराच वेळ वेलींत डोकं घालून उभे असता. विचारलं की म्हणता, कीड बघतोय. म्हणजे माझं पत्र वाचलंत. त्याबद्दल आभार.

पण तुम्ही जाता अकरा वाजता. अंघोळ, पूजा, पोहे, पेपर, आणि मग कामाला हात. नोकरी सुटली तरी तुमची वेळ सुटली नाही. तोवर मादी फूल मिटलेलं असतं आणि डब्यातली माझी फुलं घामेजून काळी पडलेली असतात. दुसऱ्या वेळी तर पाऊस होता, ओल्या परागांचा चिखल होतो, तो कुठे चिकटणार? त्यामुळे सगळे मणी पुन्हा गळले, आणि तुम्ही जेवताना म्हणालात की मास्तरांचं शास्त्रसुद्धा टँकरच्या पाण्यासारखंच निघालं. हेही माझ्यापर्यंत पोचलं.

राग आला. खूप आला. आणि राग आला की मला हातचं राखून लिहिता येत नाही. तेव्हा आता लिहितोच.

दोन वर्षांपूर्वी फ्लॅटची कल्पना तुमची होती. मी काढली नव्हती. "मी घर बिल्डरला देतोय, आमच्या केयूरने वाघोलीला फ्लॅट पाहिलाय, शेजारचा तुम्ही घ्या, दोन्ही गच्च्यांच्या मध्ये भिंत आहे, तिच्यावर पुन्हा कर्टोली चढवू," असं माझ्या ओट्यावर बसून कोण म्हणालं होतं? सुगराबीला नमुन्याचा फ्लॅट दाखवायला कोण घेऊन गेलं होतं? ती तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली आणि सकाळचं ऊन कुठून येईल ते विचारत होती. आमच्या राहिलने कर्जाची तयारी केली होती. आणि मग एका संध्याकाळी तुम्ही आलात, चप्पल न काढता दारातच उभे राहिलात आणि म्हणालात, "सगळे फ्लॅट संपले." चहा घेतला नाहीत. एवढ्या वर्षांत माझ्या दारातून चहा न घेता तुम्ही पहिल्यांदाच परत गेलात.

मला तेव्हाच कळलं असं तुम्हाला वाटतं का? नाही कळलं. मी तुमचा शब्द खरा मानला. राहिलने आठवडाभराने बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. नाव सांगेपर्यंत फ्लॅट होते. नाव सांगितल्यावर संपले.

फ्लॅट मिळाला नाही याचं मला नवल नाही, श्रीधरपंत. राहिलला हिंजवडीत भाड्याची खोली शोधताना किती ठिकाणी "कालच गेली" ऐकावं लागलं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच त्याच्याबरोबर स्कूटरवर फिरलात. "संपले" हा शब्द अनोळखी माणसांकडून ऐकायची आम्हाला सवय आहे. तुमच्याकडून ऐकायची नव्हती.

तुम्ही खरं सांगितलं असतंत तर आपण दोघांनी ओट्यावर बसून त्या बिल्डरला शिव्या दिल्या असत्या. तुमच्या शिव्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. सुगराबीने चहा केला असता, ती थोडी रडली असती आणि दुसऱ्या दिवशी कर्टोलीची भाजी तुमच्याकडे आली असती. त्याऐवजी तुम्ही मला खोटं सांगितलंत, मग त्या खोट्यापुढे मला तोंड दाखवायची तुम्हाला लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणून तुम्ही मलाच बंद करून टाकलंत. निघायचा दिवसही मला सांगितला नाहीत, भिंतीपलीकडे जेसीबी आला तेव्हा कळला. पोत्यात कंद भरताना तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतात. मी तुमच्याकडेच पाहत होतो.

झालं लिहून. आता कामाचं.

रविवारी, तीन तारखेला, सकाळी मी येतोय. डबा शंभूकडे देणार नाही. तुम्ही खाली या. नाही आलात तर फुलं सुकेपर्यंत मी त्या बाकावर बसेन आणि परत जाईन. नारळी पौर्णिमा नऊ तारखेला आहे, म्हणजे तुमच्या हुकुमाप्रमाणे हा शेवटचा रविवार. तुमच्या वेली गेल्या की माझ्याही मेल्यातच जमा, त्या नुसती पानं दाखवत उभ्या राहतील. तुम्हाला मला टाळायचं असेल तर खुशाल टाळा, पण त्यासाठी सुगराबीचे कंद मारू नका.

मकबूल

&nbsp;

विश्रांतवाडी, ४ ऑगस्ट

श्रीधरपंत,

काल निघताना तुम्ही म्हणालात, पत्रं बंद करू नका. ठीक आहे. आणि काल जे झालं ते तुमच्या फाइलला असावं, म्हणजे पुढेमागे तुम्ही ते वेगळं सांगणार नाही.

मी बाकावर बसलो होतो. शंभूने मला पाहिलं आणि मोबाइल उचलला. मी मान हलवून नको म्हटलं. तुमचा नकार तिसऱ्यांदा ऐकायला मी आलो नव्हतो. नगर रोडवरून डंपर जात होते आणि दर डंपरबरोबर मी डब्याचं झाकण घट्ट धरत होतो. मग तुम्ही आलात. एका पायात तुमची चप्पल, दुसऱ्या पायात केयूरची. हातात छत्री, पाऊस नसताना. तुम्ही माझ्याशेजारी बसलात आणि कितीतरी वेळ समोरचा फलक वाचत राहिलात, जसा काही तो तुमच्या नावाने आलाय.

मग तुम्ही बोललात. ते मी जसंच्या तसं लिहितो.

"बिल्डरच्या ऑफिसात मी होतो, मास्तर. तुमचं नाव मीच सांगितलं. तो म्हणाला, त्यांना आम्ही देत नाही. मी गप्प बसलो. मग त्याने माझे कागद पुढे केले आणि मी सही केली."

मी हे धरून चाललो नव्हतो. मला वाटलं होतं की तुम्हाला कुणीतरी निरोप दिला असेल आणि तो तुम्ही मऊ करून माझ्यापर्यंत आणला असेल. तुम्ही त्या खुर्चीवर बसला होतात हे मला माहीत नव्हतं. राग होता, आणि त्या दोन वेगळ्या चपला पाहून हसूही येत होतं. मी म्हणालो, "फुलं सुकतायत, वर चला." तेवढंच जमलं.

माफ केलं असं मी म्हटलेलं नाही आणि तुम्ही माफी मागितलेलीही नाही. ते राहिलंय. घाई नाही, कुठे पळून जात नाही.

पुढचं सगळं झकास झालं. गेटवर शंभूने कारण विचारलं, कारण त्याच्या मशिनीत कारण घातल्याशिवाय फाटक उघडत नाही, आणि तुम्ही भर चौकात गंभीर आवाजात "परागीभवन" म्हणालात. त्याने ते कुठल्या रकान्यात घातलं देव जाणे. गच्चीत माझी नजर कमी, म्हणून तुम्ही फुलं शोधून धरलीत आणि मी टेकवली. वहिनी छत्री धरून उभ्या होत्या आणि मध्येच म्हणाल्या की एखादं फूल गणपतीला उरेल का. लावलेल्या फुलांना खूण करायला तुम्ही आतून लाल फीत आणलीत. मी ती परत ठेवायला लावली आणि शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला.

आता आपल्या हातात काही नाही. मणी धरला तर चार-पाच दिवसांत हिरवा राहून फुगेल. नाही तर पिवळा पडेल. रोज बघा, पण बोटाने चाचपू नका.

मकबूल

&nbsp;

विश्रांतवाडी, १० ऑगस्ट

श्रीधरपंत,

काल पौर्णिमेला सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा सुगराबी भांडी घासत होती. तिने तशाच राखेच्या हातांनी फोन घेतला आणि मग तिथेच पिढ्यावर बसली. तीन धरलेत. बाकीचे गळले, पण तीन हिरवेगार आहेत आणि सुपारीएवढे झालेत. तुम्ही रंगवाल्यांना सांगितलंत म्हणे की आमची गच्ची सगळ्यांत शेवटी. सोसायटीच्या सेक्रेटरीने तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही त्याला नियम दाखवलात. कुठला ते विचारत नाही, असा नियम नसणार.

संध्याकाळी तुमचा स्वतःचा फोन आला. मोबाइलवर तुमचं नाव उमटलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तुम्ही म्हणालात, श्रावण आहे, तिन्ही खुडतो, या जेवायला. याचं उत्तर मी फोनवर दिलं नाही, कारण सुगराबी समोर होती आणि तिने हो म्हटलं असतं. इथे देतो. नाही.

एका वेलीवर दोन आहेत आणि दुसरीवर एक. ज्या वेलीवर दोन आहेत तिच्यावरची दोन्ही खुडा आणि खा. कोवळी खुडली की ती वेल पुन्हा फुलेल, आपण पुन्हा फुलं टेकवू. पण दुसरीवरच्या एकाला कुणीही हात लावायचा नाही. ते पिकू द्यायचं. पिकायला लागलं की ती वेल नवीन फळ धरणार नाही, सगळं बळ त्या एकात घालेल, आणि या वर्षी तिच्याकडून तुम्हाला भाजी मिळणार नाही. चालेल. आपल्याला बिया हव्यात. कंद किती वर्षं चालतील सांगता येत नाही, आणि इमारतीला रंग दर काही वर्षांनी लागतोच.

जेवायला पुढच्या रविवारी येतो, सुगराबीला घेऊन. दोन कर्टोल्यांत चार माणसं जेवणार, तेव्हा वहिनींना सांगा की वरण जास्त करा. शंभू म्हणत होता की तुम्ही मशिनीत माझं नाव आता कायमचं घातलंय. कशात घातलंत ते मी विचारलं नाही. डिलिव्हरीत घातलं असेल तरी हरकत नाही, काम तेच करतोय.

मकबूल

&nbsp;

विश्रांतवाडी, २३ सप्टेंबर

श्रीधरपंत,

केयूर आज ऑफिसच्या कामाने इकडे आला होता, त्याने तुमचं पाकीट दिलं. पोरगं बरंच वाळलंय, खायला घाला.

फळ कसं पिकलं ते त्याच्या मोबाइलवर पाहिलं. नारिंगी झालं, मग तडकून उलगडलं आणि आत लालभडक गर, काळ्या बिया. सुगराबीने तो फोटो पोराच्या हातातून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. तिच्या लहानपणी डोंगरात पक्षी ती फळं फोडून खायचे आणि आम्ही उरलेल्या बिया गोळा करायचो, असं सांगत होती. हे मला आजवर तिने सांगितलं नव्हतं.

आता पाकिटाबद्दल. आत तुम्ही दोन पुड्या केल्यात. एकीवर "मास्तर" आणि दुसरीवर "श्रीधर". बिया मोजून निम्म्या निम्म्या. एक बी उरली ती माझ्या पुडीत घातलीत आणि तसं पुडीवर लिहिलंतही. तुमचा हेतू मला कळला आणि तो मनाला लागला, खोटं कशाला सांगू. पण पंत, तुम्ही पुन्हा वाटणी केलीत.

या बियांत कुठली नर आणि कुठली मादी, ते कुणालाच सांगता येत नाही. मला नाही, तुमच्या लाल फितीला नाही, आणि बीला विचारलं तरी ती सांगणार नाही. उगवली, वर चढली, पहिलं फूल आलं आणि ते उलटं करून पाहिलं, की मग कळतं. एखाद्या वाटणीत सगळे नरच आले तर? आपण दोघं तो प्रयोग एकदा करून बसलोय. दोन वर्षं मी पानं बघितली आणि तुम्ही गळलेली फुलं झाडलीत.

म्हणून मी दोन्ही पुड्या एकाच वाटीत ओतल्या. रागावू नका. आणि तुमच्याकडे परत पाठवणार नाही.

तुमच्या घराच्या जागी सध्या खड्डा आहे, भोवती पत्रे ठोकलेत. पण मागची भिंत माझ्या बाजूने शाबूत आहे. मधे बिल्डरचा माणूस येऊन म्हणाला होता की सामाईक आहे, पाडावी लागेल. मी त्याला तुम्ही जुन्या काळी काढून दिलेला मोजणीचा नकाशा दाखवला, त्यात निम्मी भिंत माझ्या हद्दीत आहे. गेला बिचारा. तेव्हा भिंत राहणार आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्या बिया तिच्याच पायथ्याशी लावायच्या, सगळ्या एकत्र. तुमच्या ड्रममधल्या वेली तुमच्याकडे राहू द्या, मी दर रविवारी डबा घेऊन येत जाईन, त्यात बदल नाही. पण नवीन वेलींना फूल आल्याशिवाय कुणी काही उकरायचं नाही, कुणी फीत बांधायची नाही. कर्टोली फुलते दिवेलागणीला, तेव्हा तुम्हाला जुलैत संध्याकाळीच यावं लागेल. माझी नजर कमी आहे, फूल उलटं करून मला एकट्याला दिसायचं नाही.

वाघोलीहून येताना येरवड्याला बस बदला, नाहीतर केयूरला सोडायला सांगा. इथे गेट नाही. फोटो काढायला कुणी बसलेला नाही. पुढच्या दाराची कडी अजून तीच आहे, जरा वर उचलून ढकलावी लागते. तुम्हाला माहीत आहे.

चप्पल काढून आत या. चहा ठेवलेला असेल.

तुमचा,
मकबूल